छाती धडधडते तेव्हा

अंधारात जिना उतरताना पायऱ्या संपल्या असं वाटतं आणि एक उरलेली असते. पोटात गोळा येतो, आपण कसेबसे सावरतो. पण त्यानंतरही छाती बराच वेळ धडधडत राहते. पडलो नाही हे डोक्याला कळलेलं असतं. हृदयाच्या कानावर ते अजून गेलेलं नसतं.

हृदयापर्यंत घाबरल्याचा निरोप नेतं ते अ‍ॅड्रेनॅलिन. गंमत म्हणजे हा निरोप्या पेशीत पाऊलही टाकत नाही. पेशीपटल जाडीला जेमतेम काही नॅनोमीटर, पण आतून तेलकट. पाण्यात रमणाऱ्या अ‍ॅड्रेनॅलिनला ते सहज ओलांडता येत नाही. म्हणून तिथे रिसेप्टर नावाचं प्रथिन रोवलेलं असतं. अमिनो आम्लांची एकच साखळी, पण सात वेळा पटलाच्या आरपार गेलेली, आणि त्या सात पिळांच्या मधे बाहेरच्या बाजूला एक खळगी.

याला हमखास कुलूप-किल्लीची उपमा देतात. मला ती पटत नाही. कुलूप ढिम्म असतं. रिसेप्टर सतत चुळबुळत असतो, कुणी आलेलं नसतानाही मधूनच थोडा सुरू होतो. अ‍ॅड्रेनॅलिन खळगीत बसलं की सहाव्या पिळाचं आतलं टोक बाजूला सरकतं. किती? सुमारे 1.4 नॅनोमीटर. तेवढ्या फटीत जी-प्रथिनाचं, म्हणजे पेशीच्या आत निरोप पुढे नेणाऱ्या प्रथिनाचं, टोक शिरतं. ते हातातला जीडीपी नावाचा छोटा रेणू टाकून त्याजागी जीटीपी नावाचा रेणू घेतं, त्याचा एक तुकडा सुटतो आणि शेजारच्या एन्झाइमला कामाला लावतो. सायक्लिक एएमपीचे, म्हणजे पेशीच्या आतल्या पुढच्या निरोप्याचे, रेणू भराभर तयार होतात, ठोके वाढतात. रिसेप्टर आणि जी-प्रथिनाची ही जोडी प्रत्यक्ष दिसली ती 2011 मध्ये, शास्त्रज्ञ ब्रायन कोबिल्का यांच्या गटाला. (तो रिसेप्टर बीटा-2 नावाचा, हृदयात मुख्यतः त्याचा सख्खा भाऊ बीटा-1 असतो.) पुढच्याच वर्षी कोबिल्का आणि त्यांचे गुरू रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांना नोबेल मिळालं.

हेच अ‍ॅड्रेनॅलिन श्वासनलिका सैल करतं आणि त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळतं. घाबरलेला माणूस पांढराफटक पडतो तो त्यामुळे. निरोप एकच, ऐकणारे निराळे. नुसत्या अशा परिणामांवरून औषधशास्त्रज्ञ रेमंड आल्क्विस्ट यांनी 1948 मध्ये अल्फा आणि बीटा असे दोन रिसेप्टर असावेत असं मांडलं. तेव्हा रिसेप्टर कुणाच्या दृष्टीसही पडला नव्हता!

मला मात्र खरं कौतुक वाटतं ते ऐकणं थांबवण्याचं. जी-प्रथिन आपला जीटीपी स्वतःच तोडतं आणि गप्प होतं. तरीही बाहेरून हाका येतच राहिल्या, तर रिसेप्टरच्या आतल्या शेपटीला फॉस्फेट चिकटवले जातात, त्यावर अरेस्टिन नावाचं प्रथिन येऊन बसतं आणि जी-प्रथिनाची वाटच अडवतं. पुढे कित्येक रिसेप्टर पटलावरून आत ओढून घेतले जातात. दम्याचा साल्ब्युटामॉलचा पंप बीटा-2 लाच हाक मारतो. तो ऊठसूट ओढला की त्याचा गुण कमी येऊ लागतो, त्याचं एक कारण हेच.