हौदाचा गिलावा

अण्णा आटपाडीहून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच परसात गेले. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा ते स्विमिंग पूलच्या काठावर वाकून, पाण्याच्या वर उघडी पडलेली भिंत एक रुपयाच्या नाण्यानं वाजवत होते. टक, टक, टक आणि मधेच भद्द.

"हितं पोकळ वाजतंय गं. गिलाव्यानं धरलेलं सोडलंय. हौद कधी बांधलेला?"

चाळीस वर्षं गवंडीकाम केलेल्या माणसाला पूल हा हौदच. त्यांचं निदान बरोबर होतं. अमेरिकेत ॲरिझोनातल्या फिनिक्सजवळच्या चँडलरमधलं आमचं घर 1994 सालचं, पूलही तेव्हाचाच. मुलांचे तळपाय खरचटायचे, भिंतींवर करडे डाग पडले होते, कितीही क्लोरीन घातलं तरी खरखरीत जागी शेवाळ परत धरायचं. आधी बघायला आलेल्या एका कंत्राटदारानं ॲसिडनं धुऊन देतो म्हणून सांगितलं होतं. ॲसिड डाग काढतं, पण त्याबरोबर गिलाव्याचा पातळ थरही नेतं. आमच्याकडे न्यायला फारसं उरलंच नव्हतं.

घरच्यांसाठी थोडं सांगते. इथला असा पूल म्हणजे सळयांच्या जाळीवर नळीतून जोरात मारलेलं काँक्रीट आणि त्यावर जेमतेम अर्ध्या इंचाचा गिलावा, पांढरा सिमेंट आणि संगमरवराची पूड. पाणी धरतो तो मुख्यतः हा गिलावा. दहा-पंधरा वर्षं टिकला तरी पुष्कळ. इथलं पाणी क्षारांचं, आपल्याकडच्या बोअरसारखं, बादलीला पांढरे वळ आणणारं. त्याचा तोल गेला की दोन्हीकडून त्रास. आम्ल वाढलं तर पाणी गिलाव्यातला चुना खातं, उलट झालं तर क्षार भिंतीवर बसवतं.

काम मार्चमध्ये काढलं. उन्हाळ्यात रिकामा पूल ठेवायचा नाही, असं इथले सगळेच सांगतात. 2023 मध्ये फिनिक्सला सलग 31 दिवस तापमान 43 अंशांच्या वर होतं. तसल्या उन्हात ओला गिलावा बघता बघता तडकतो. (फ्लोरिडात भीती वेगळी. तिथे भूजल इतकं वर असतं की रिकामा पूल जमिनीतून होडीसारखा वर उचलला जातो.)

पाणी काढण्याचा दिवस मला जड गेला. तेरा हजार गॅलन, म्हणजे जवळजवळ पन्नास हजार लिटर. दुष्काळात आमच्या गल्लीत यायचा तो टँकर दहा-बारा हजार लिटरचा. चार-पाच टँकर पाणी मी पंप लावून सोडणार होते. इथे ते रस्त्यावर सोडता येत नाही, घराच्या ड्रेनेजच्या तोंडात सोडायचं. अण्णांनी मात्र आधी नळी कुंपणाच्या कण्हेरीकडे वळवली. कण्हेरीला खारट पाणी सोसतं, बर्म्युडा गवतालाही. लिंबू आणि जास्वंद दूर ठेवल्या, त्यांना ते चालत नाही. नुसत्या बागेत किती मुरणार? उरलेलं गेलंच.

"हे पाणी येतं कुठनं?" अण्णांनी विचारलं. मी सांगितलं, बरंचसं इथल्याच सॉल्ट नदीचं आणि काही कोलोरॅडोचं. कोलोरॅडोचं पाणी उपसून 540 किलोमीटरच्या कालव्यानं वाळवंटात आणतात. "म्हंजी टेंभूच की," अण्णा म्हणाले. कृष्णेचं पाणी उपसून आमच्या शिवारात येईपर्यंत किती वर्षं गेली, हे त्यांनी पाहिलंय. ऑगस्ट 2021 मध्ये कोलोरॅडोवर पहिल्यांदा अधिकृत टंचाई जाहीर झाली, आणि त्यात पहिला फटका इथल्या शेतकऱ्यांनाच बसला, हेही सांगितलं. त्यावर ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, "आता भरशील ते धा-पंधरा वर्सं काढायचं न्हाई असं काम करून घ्यायचं."

दोन दिवस छिन्न्या चालल्या. सुटलेला गिलावा खरवडला, काठालगतच्या टाइलच्या पट्टीखाली आणि नळांच्या तोंडांभोवती खाच पाडली, म्हणजे नवा थर तिथे कडेशी सपाट बसेल. मग जोराच्या पाण्यानं धूळ धुतली आणि काँक्रीटला नवा थर चिकटावा म्हणून लेप मारला. या दिवसांत परसाच्या दाराला मी दोन कड्या लावल्या. लहान मूल असलेल्या घरात पूलभोवती पाच फुटांचं कुंपण हवं असा इथला कायदाच आहे. रिकामा आठ फुटांचा खड्डा तर आणखी घातक.

गिलाव्याच्या दिवशी सात जण पहाटे साडेपाचला आले, बहुतेक मेक्सिकोचे. गाडीवर माल कालवायचा, नळीतून भिंतीवर टाकायचा आणि खिळ्यांचे तळवे लावलेले बूट घालून ओल्या थरावर उभं राहून थाप्यांनी ओढायचा. अण्णा खुर्ची टाकून बसले होते, थोड्या वेळानं उठून काठावरच उभे राहिले. एका म्हाताऱ्या गवंड्याचा हात कोपऱ्यातून न थांबता, एका दमात गोल फिरला, तेव्हा ते हलकेच "वा" म्हणाले. त्या गवंड्यानं वर बघितलं आणि थापी कपाळाला लावली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. दुपारी मी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली, ती सगळ्यांनी मागून घेतली.

काम संपल्या संपल्या पाणी सोडायचं. इथे अण्णा एकदम जागे झाल्यासारखे झाले. आपल्याकडे नव्या गिलाव्याला दिवसातून तीनदा पाणी मारतात, ही तर पाण्यातच बुडवून पिकवायची गोष्ट. नळीच्या तोंडाला चिंधी बांधली, धार लागून खड्डा पडू नये म्हणून, आणि ती खोल भागात ठेवली. एकदा सोडलं की अर्ध्या टाइलपर्यंत थांबायचं नाही. थांबलं तर तिथे कायमची रेघ उमटते. एकोणतीस तास लागले. रात्री दोन वाजता खाली आले तर अण्णा शाल पांघरून नळीजवळ बसलेले.

त्यानंतरच्या महिन्यानं मला दमवलं. नवा सिमेंट पाण्यात चुना सोडतो, पीएच चढत राहतो, रोज मोजून पातळ केलेलं ॲसिड घालायचं. पहिले दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ लांब ब्रशनं सगळ्या भिंती घासायच्या, नाहीतर सुटलेली पांढरी पूड परत बसून खरखर होते. क्लोरीन दोन दिवसांनी, चाकांचं सफाई यंत्र 28 दिवसांनी. सकाळचा ब्रश अण्णांनी कुणाला दिला नाही. सातव्या दिवशी ढवळलेलं पाणी निवळलं आणि तळाचं भोक वरून दिसायला लागलं.

जूनमध्ये त्यांना विमानतळावर सोडलं. परवा फोनवर बोलताना त्यांनी आधी नातवांची चौकशी केली, मग विचारलं, "पायरीपाशी वाजवून बघितलंस का?" मी मोबाईल काठाशी धरला आणि त्यांनी ठेवून गेलेल्या रुपयानं पायरीपासून खोल भागापर्यंत भिंत वाजवत गेले. सगळीकडे टक, टक.