सत्तावीसशेवरचा भुंगा : जुन्या होंडा सिटीचा सायलेन्सर बदलताना

“हजार किलोमीटर चालवा साहेब, आपोआप सेट होतंय.” हे वाक्य मी सात आठवडे ऐकलं. सेट काहीच झालं नाही, उलट आवाज वाढत गेला. ज्या दुकानात हे झालं त्याचं नाव लिहीत नाही, शहराचंही नाही. पण जुन्या गाडीला बाहेरचा सायलेन्सर बसवायचा विचार कुणी करत असेल, तर हे सात आठवडे त्याचे वाचावेत म्हणून लिहितोय.

आमची गाडी २००२ ची होंडा सिटी, १.५ व्हीटेक. कागदोपत्री चार दारांची सेडान, पण १४९३ सीसीचं ते १०६ बीएचपीचं इंजिन ज्यांनी वरच्या आरपीएमपर्यंत ओढलंय, ते तिला सेडान म्हणत नाहीत. आबांनी घेतलेली, म्हणून विकायचा प्रश्न नाही. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या गावभागात आमच्या बोळात ती दाराखालच्या पत्र्याच्या उंबऱ्यापर्यंत पाण्यात होती. इंजिन वाचलं. सायलेन्सरमधला गाळ आम्ही पाइप लावून धुऊन काढला, पण पुढच्या दोन-तीन वर्षांत मागचा डबा आतून गंज खात गेला आणि एक दिवस शंभर फुटी रोडवर स्पीडब्रेकरला पोट फाटलं.

दोष फक्त पुराचा नव्हता, हे नंतर कळलं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. गाडी लांब गेली तर ते वाफ होऊन जातं. विश्रामबागेतून गावभागात, एवढंच चालवलं तर डबा तापतच नाही आणि ते पाणी आत बसून राहतं. म्हणून डब्याच्या तळाला, सगळ्यात खालच्या जागी, तीन मिलिमीटरचं भोक असावं. कंपनीच्या डब्याला असतं. बाहेरून बनवून घेताना ते सांगून पाडून घ्या, कोणी आपणहून पाडत नाही.

कंपनीचा सायलेन्सर मागवला होता, तो आला नाही. बोर्ला, रेमस, एचकेएस ही परदेशी सायलेन्सर कंपन्यांची नावं वाचून झाली, पण आपल्या या सिटीला सरळ बोल्टवर बसेल असं तयार किट मला कुठं मिळालं नाही. म्हणजे डबा तयार घ्यायचा आणि पाइप वाकवून, जोडून घ्यायचा. त्या दुकानात गेलो तो असा.

दुकानात डबे रांगेनं टांगलेले. मालकानं एका गाडीला रेस दिली, आवाज छान घुमला, मला आवडला. चूक तिथंच झाली. उभ्या गाडीला रेस देऊन ऐकलेला आवाज आणि टॉप गिअरला हायवेवर तासभर ऐकायचा आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी पहिल्यावर पैसे दिले.

त्यांनी अडीच इंची पाइप टाकला. आमचा मूळ पाइप पावणेदोन इंचाच्या आसपास होता. मधला छोटा डबा, म्हणजे रेझोनेटर, “कशाला पाहिजे, दम कोंडतो” म्हणून काढला. मागे सरळ आरपार जाणारा डबा लावला : मधून भोकाभोकांची नळी, भोवती काचेचा लोकर. नशीब की धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हात लावू दिला नाही. तो काढायचाही आग्रह होता. तो काढला की पीयूसीला कार्बन मोनॉक्साइड वर जातो, आणि मग प्रमाणपत्रासाठी दारोदार फिरायची वेळ येते.

पहिल्याच रविवारी आईला घेऊन बहिणीकडे साताऱ्याला निघालो. आष्ट्याच्या बाजारात दुसऱ्या गिअरला गाडी पूर्वीसारखी उचलत नव्हती. पेठ नाक्याला हायवेला लागलो, पाचवा गिअर टाकला, काटा सत्तावीसशेवर आला आणि गाडीच्या आत एक घूं सुरू झालं. आवाज म्हणावा तर मोठा नाही. पण सीटमधून, काचेतून, छातीत. कराडपर्यंत आई गप्प होती. उंब्रजला म्हणाली, “कानात भुंगा शिरल्यासारखं व्हायलंय रे, थांबव जरा.” तिला उतरवून पाणी दिलं. साताऱ्यात पोहोचल्यावर ती न जेवता झोपली. मला त्या दिवशी स्वतःचा फार राग आला.

सोमवारी फोन केला. “लोकर नवीन आहे, बसायला वेळ लागतो.” दुसऱ्या आठवड्यात फोन. “हजार किलोमीटर.” हजार झाले. “पंधराशे करा.” तिसऱ्या आठवड्यात गाडी घेऊन समक्ष गेलो, सव्वादोन तास बाकावर बसलो. पोरगं आलं, उभ्या गाडीला रेस दिली, म्हणालं, “बरोबर आहे की.” मी म्हटलं, शेजारी बस, हायवेला चल. वेळ नाही म्हणाला. चौथ्या-पाचव्या आठवड्यात मालक फोनवर आलेच नाहीत. सहाव्यात म्हणाले की डबा परत घेत नाही, वापरलेला माल आहे. वापरायला त्यांनीच सांगितलं होतं! सातव्यात म्हणाले, “दुसरा मोठा डबा टाकू, साडेसहा हजार द्या.” मोठा डबा टाकून तो घूं जाईल का, याला उत्तर नव्हतं. मी दिले नाहीत.

लोकराबद्दलचं खरं असं : तो बसत नाही, तो जळत, सुटत, उडून जातो. म्हणून अशा डब्याचा आवाज वापरानं मोठा होत जातो, लहान कधीच होत नाही. ज्या आवाजाचा पहिल्या दिवशी त्रास होतोय तो हजार किलोमीटरनी कमी होईल असं कुणी सांगत असेल, तर तिथंच बोलणं थांबवा.

या सात आठवड्यांत रात्री बसून मी त्या घूंच्या मागे लागलो. आधी फोनवर डेसिबल मोजायचं अ‍ॅप घेतलं. घूं असताना आणि नसताना फरक दिसायचा जेमतेम चार-पाचाचा. मला वाटलं, आपलंच डोकं फिरलंय. मग कळलं की ही अ‍ॅप आणि मीटर सहसा ‘ए’ मापावर असतात, आणि ते माप खालच्या, खर्जातल्या आवाजाला फार कमी धरतं : १०० हर्ट्‌झच्या आसपास तब्बल १९ डेसिबल कमी. म्हणजे नेमका छातीत बसणारा आवाज ते मोजतच नव्हतं. ‘सी’ मापावर बदललं तशी आकड्यांनी उडी मारली. मग आवाजाचे थर दाखवणारं अ‍ॅप घेतलं, मित्राला शेजारी बसवून पेठ नाका ते कराड गेलो. सत्तावीसशेला एकच सुळका, ९० हर्ट्‌झवर. तीन हजाराला गेलो की सुळका १०० वर सरकायचा आणि बसका व्हायचा.

हिशोब सोपा आहे. २७०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ४५ फेरे. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात एका फेऱ्यात दोन सिलिंडर फायर होतात. ४५ दुणे ९०. सेकंदाला ९० धक्के पाइपमधून जातात, आणि आमच्या मोकळ्या अडीच इंची नळकांड्याला व गाडीच्या आतल्या हवेला नेमका तोच सूर लागत होता. मधला रेझोनेटर असता तर बराचसा तिथंच मेला असता.

यावर उपाय एक फांदी. मुख्य पाइपाला त्याच जाडीची, दुसऱ्या टोकाला बंद असलेली नळी जोडायची. लांबी आवाजाच्या लाटेच्या पाव एवढी. लाट आत जाते, बंद तोंडावर आपटून परत येते, येईपर्यंत अर्ध्या लाटेनं मागे पडलेली असते आणि येणाऱ्या लाटेला खोडून टाकते. साध्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, पण तापलेल्या वायूत तो वाढतो. मी ४३० धरला. ४३० भागिले ९०, त्याचा पाव : १.१९ मीटर. एवढंच गणित, पण कागदावर ते बसलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि मला झोप आली नाही.

आता हे करणार कोण? दोन-तीन गॅरेजवाल्यांनी कागद बघून परत दिला. मग चुलतभाऊ म्हणाला, “तुला आर्गनवाला पाहिजे, सायलेन्सरवाला नको. कुपवाडला जा.” आर्गनवाला म्हणजे आर्गन वायू सोडून स्टील वेल्ड करणारा. आपल्या भागात दूध संघ आहेत, त्यांच्या पाइपलाइनी बनवणारे कारागीर आहेत. त्यांचा दोन इंची डेअरी पाइप म्हणजे बाहेरून ५१ मिलिमीटर, एसएस ३०४ जातीचं स्टेनलेस स्टील. आमच्या दीड लिटरच्या इंजिनाला हवा होता तोच माप, तोच माल. एवढे दिवस मी तो कुठं कुठं शोधत होतो आणि तो माझ्या घरापासून अर्ध्या तासावर होता.

एमआयडीसीतल्या त्या शेडमधले काका साठीचे. कागद चष्मा वर करून बघितला. म्हणाले, “वरची बेरीज मला नका सांगू. लांबी किती, तेवढं सांगा.” मी म्हटलं, एकशेएकोणीस, पण नक्की नाही, वायू किती तापतो माहीत नाही. ते थोडं थांबले. मग म्हणाले, “मग आत्ता तोंड वेल्ड करायचं नाही. क्लॅम्प लावू.” डेअरीच्या पाइपाला जसा टीसी क्लॅम्प, म्हणजे उघडता येणारी पकड, लावून ब्लँक, म्हणजे बंद झाकण, बसवतात, तसा त्यांनी फांदीच्या टोकाला लावला. रबरी गॅस्केट उष्णतेनं गेलं असतं, म्हणून तांब्याच्या पत्र्याची चकती कातरून घातली. फांदी मुद्दाम लांब, १२८ सेंटिमीटरची ठेवली, म्हणजे थोडी थोडी कापून बघता येईल. मागच्या डब्याच्या अलीकडे जोडून, वळवून, मुख्य पाइपाला समांतर पुढे आणली.

त्यांचं काम बघत बसलो होतो. वेल्ड करायच्या आधी पाइपाची दोन्ही तोंडं कागदी टेपनं बंद केली आणि आतून आर्गन सोडला. “आत हवा राहिली तर वेल्डच्या पाठीमागं साखर धरत्या,” म्हणाले. साखर म्हणजे काळे खरखरीत दाणे. तशा जागी पुढे गंज धरतो, तडा जातो. पहिल्या दुकानातला पाइप त्यांनी कापून उलटा केला आणि मला दाखवला : प्रत्येक जोडाला आत साखरेचा थर. शिवाय तो पाइप ३०४ म्हणून विकलेला, पण चुंबक घट्ट चिकटला. ३०४ ला तो चिकटत नाही, फार तर वाकवलेल्या बेंडवर किंचित ओढतो. ४०९ या दुसऱ्या जातीच्या स्टेनलेसला चिकटतो. ४०९ वाईट नसतं, कंपन्याही वापरतात, पण मग भाव ४०९ चा लावावा. खरेदीला जाताना खिशात चुंबक ठेवाच.

१२८ सेंटिमीटरला घूं सव्वीसशेच्या खाली मेला, सत्तावीसशेला निम्माच झाला. १२२ ला बराच कमी. ११७ ला क्लॅम्प बसवला आणि पेठ नाक्याहून कराडच्या दिशेनं गेलो. काटा सत्तावीसशेवर. काही नाही. टायरचा आवाज, वारा. परत अठ्ठावीसशे, सव्वीसशे, परत सत्तावीसशे. कासेगावच्या पुढे बाजूला थांबवून मी काकांना फोन केला, आणि बोलता येईना. ते म्हणाले, “झालं न्हवं? मग आता वेल्ड मारू.”

अशी फांदी मुख्यतः एकाच सुराला मारते, हे ध्यानात ठेवा. बाकीसाठी मधला रेझोनेटर परत टाकला, पाइप सगळा ५१ मिलिमीटरचा केला. “इंजिनाला बॅकप्रेशर लागतं”, म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूला अडवणारा दाब लागतो, असं सगळे सांगतात, पण लागतो तो वायूचा वेग. नळी फार रुंद झाली की वेग पडतो आणि खालच्या आरपीएमला सिलिंडरमधून जळका वायू ओढून नेला जात नाही. आष्ट्याच्या बाजारात गाडी मेली होती ती त्यामुळे. आता उचलते. वर पाच हजाराच्या पुढचा आवाज पहिल्या दुकानातल्यापेक्षा मला जास्त आवडतो, आणि बोळात रात्री अकराला आलो तर शेजारचं बाळ उठत नाही. मला तेवढंच पाहिजे होतं.

मोठ्या आवाजाच्या हौशीला कायद्याची बाजूही आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १२० प्रमाणे सायलेन्सर सक्तीचा आहे, आणि मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याच्या कलम १९०(२) खाली आवाजाची मर्यादा मोडली तर दंड १० हजारांपर्यंत जातो, लायसन्सही तीन महिने अडकतं. पंधरा वर्षांवरच्या गाडीला दर पाच वर्षांनी पासिंग असतं, आमचं पुढचं २०२७ ला आहे. तिथं आवाजावरून अडवलं जायची मला इच्छा नाही.

पहिल्या दुकानात साडेनऊ हजार गेले, काकांकडे सगळं मिळून चौदा. पहिल्यांदाच कुपवाडला गेलो असतो तर, हे रोज मनात येतं.

हँगरचं, म्हणजे पाइप गाडीखाली टांगायच्या जोडांचं, राहिलं. तीन मीटरचा एसएसचा पाइप तीनशे डिग्रीनं तापला की दीड सेंटिमीटर लांबतो. पहिल्या दुकानानं दोन ठिकाणी सरळ चेसिसला पट्टी ठोकून आवळला होता, म्हणून तापल्यावर टकटक यायची. मूळ रबरी हँगरवरच लटकवा, आणि डब्याच्या चारी बाजूंना बोट फिरेल एवढी जागा सोडा.

आणि फाटलेला जुना सायलेन्सर भंगारात टाकू नका. त्याचा पुढचा फ्लँज, म्हणजे बोल्टची भोकं असलेली जोडाची चकती, कापून घ्या. कन्व्हर्टरच्या बोल्टांशी तोच तंतोतंत बसतो, नवीन बनवायला गेलं की भोकं अर्ध्या मिलिमीटरनी चुकतात आणि तिथून फुसफुस सुरू होते. तो साध्या लोखंडाचा असतो, एसएसच्या पाइपाला जोडताना वेल्डिंगची ३०९ ची काडी वापरायला सांगा. माझा फ्लँज मी पहिल्या दुकानातच सोडून आलो होतो, तो आणायला परत जावं लागलं. मागच्या अंगणात भंगाराच्या ढिगात, पावसात पडलेला होता. उचलला, काही न बोलता निघालो.