मोठा गोब्रा

आज मालवणच्या बाजारात एका टोपलीत भलामोठा गोब्रा, म्हणजे ग्रुपर मासा, होता. तपकिरी अंगावर गडद ठिपके, जबडा उघडा, खालचा ओठ पुढे आलेला. मावशी म्हणाल्या, "इतको मोठो आता खंय गावता?"

ते वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना.

बहुतेक गोब्रे आधी मादी म्हणून वाढतात. वय वाढलं, अंग भरलं की त्यांतल्या काहींचे नर होतात. म्हणजे थोराड मासे उचलत राहिलं की नरच कमी पडतात.

त्यात हा खडपातला, प्रवाळातला मासा. कपारीत दबा धरतो, भक्ष्य जवळ आलं की पाण्यासकट ओढून घेतो. जागा सहसा सोडत नाही, म्हणून गळालाही लागतो.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं. तिथल्या कपारींत असे थोराड गोब्रे अलीकडे कुणी पाहिलेत का?