गप्प उभ्या राहिलेल्या मुलीची बाजू

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आमच्या शाळा समितीची बैठक एकाच विषयावर झाली. आठवीतली एक मुलगी परिपाठात राष्ट्रगीताच्या वेळी सावधान उभी राहते, पण ते म्हणत नाही. तेव्हा तिच्या हाती दाखला देऊन तिला शाळेतून काढावे, असा अर्ज काही पालकांनी दिला होता. मुलीचे घर 'यहोवाचे साक्षीदार' या पंथातले; बायबलमधल्या देवाला ते यहोवा या नावाने भजतात. मी स्वतः ख्रिस्ती, अहिल्यानगर परिसरात अमेरिकन मराठी मिशनच्या कामातून उभ्या राहिलेल्या मंडळीत वाढलेली. आम्ही राष्ट्रगीत अभिमानाने म्हणतो, आणि पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या त्रैक्याच्या शिकवणीपासूनच आमचे व त्यांचे जुळत नाही. तरीही मुख्याध्यापिका म्हणून त्या मुलीची बाजू मी मांडली, आणि ती का मांडली हे नीट लिहून ठेवावेसे वाटते.

बैठकीच्या आदल्या दिवशी मी मायलेकींना बोलावून घेतले. आई घरी शिवणकाम करते. हातातले काम तसेच टाकून आली असावी, कारण पदराला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले होते. ती म्हणाली, "बाई, झेंड्याचा मान राखायचा, गीत सुरू झालं की उभं राहायचं, हे आम्हीच हिला शिकवलंय. पण स्तुतीचं गाणं आमच्या तोंडून यहोवाशिवाय दुसऱ्या कुणासाठी निघत नाही. आमचा राजा तो." मुलगी खाली मान घालून ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत होती. कोणी तरी तिला सुचवले होते, नुसते ओठ हलव, कोणाला कळणार आहे? त्याबद्दल मी विचारले, तेव्हा तिने मान वर केली. "ते खोटं होईल ना, बाई. देवाशीही आणि राष्ट्रगीताशीही."

तेरा वर्षांच्या मुलीचे हे उत्तर ऐकून मी काही वेळ काहीच बोलू शकले नाही. देवाला राजा आपण सगळेच ख्रिस्ती लोक म्हणतो. 'तुझे राज्य येवो' ही प्रार्थना तर आमच्या घरात लहान मूल बोलायला लागते तेव्हापासून सुरू होते. यहोवाचे साक्षीदार मात्र त्या राज्याला स्वर्गात आज चालू असलेले, येशू ज्याचा राजा आहे असे खरेखुरे शासन मानतात. कायदा पाळतात, कर भरतात, पण मतदान आणि सैन्यसेवा यांपासून दूर राहतात. हे मला पटत नाही. पण या निष्ठेला देशद्रोह म्हणणे हा मोठा अन्याय आहे, कारण तिचे मूळ पवित्र शास्त्रातच, म्हणजे बायबलमध्येच आहे. शद्रख, मेशख आणि अबेद्नगो हे बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाचे इमानी अधिकारी होते. तिथला कारभार त्यांनी चोख सांभाळला, फक्त सोन्याच्या मूर्तीपुढे वाकायला नकार दिला, आणि जळत्या भट्टीत टाकण्याची धमकी मिळाल्यावरही, देवाने आम्हांला भट्टीतून सोडवले नाही तरीही वाकणार नाही, असे राजाला तोंडावर सांगितले. दुसऱ्या शतकात स्मुर्ण्याचा वृद्ध बिशप पॉलिकार्प याला कैसराची, म्हणजे रोमन सम्राटाची, शपथ घेऊन ख्रिस्ताला नाकारण्यास सांगण्यात आले, तेव्हा तो म्हणाला की 86 वर्षे मी त्याची सेवा करतो आहे, त्याने माझे काही वाईट केले नाही. ज्याने मला तारले त्या माझ्या राजाची निंदा मी कशी करू? हे वचन आमच्या मंडळीत किती तरी प्रवचनांत मी ऐकले आहे. त्या संध्याकाळी ते मला फार जवळचे वाटले.

बैठकीत मी बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य हा निकाल सोबत नेला होता. केरळमधल्या याच पंथाच्या तीन भावंडांना 1985 मध्ये याच कारणावरून शाळेतून काढण्यात आले होते. उच्च न्यायालयात दाद मिळाली नाही. 11 ऑगस्ट 1986 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्यांना शाळेत परत घेण्याचा आदेश दिला. न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी त्यात स्पष्ट केले की राष्ट्रगीत म्हणण्याची सक्ती करणारी कायद्यात कोणतीही तरतूद नाही, आणि आदराने उभे राहणाऱ्याने अपमान केला असे म्हणता येत नाही. राष्ट्रीय मानचिन्हांचा अपमान रोखणारा 1971 चा कायदा राष्ट्रगीत म्हणण्यास अडथळा आणणाऱ्याला आणि त्यासाठी जमलेल्यांत व्यत्यय आणणाऱ्याला शिक्षा सांगतो. या मुलीने यांपैकी काहीही केलेले नव्हते. कायद्याचा भाग एवढ्यात संपला, पण मला तेवढ्यावर थांबायचे नव्हते. ओठ हलवण्याविषयी मुलीने दिलेले उत्तर मी तिच्याच शब्दांत वाचून दाखवले.

समितीत एक निवृत्त सुभेदार आहेत. अर्जाला त्यांचा पाठिंबा होता, आणि ते काय म्हणतात याकडे सगळ्यांचेच लक्ष होते. त्यांनी मला विचारले, "उभी राहते ती सरळ राहते का? की टंगळमंगळ करते?" परिपाठ घेणाऱ्या शिक्षकांनी उत्तर दिले की सगळ्या वर्गात तीच सर्वांत स्थिर उभी असते. सुभेदार म्हणाले, "मला हे पटलेलं नाही, मॅडम. माझ्या नातीनं असं केलं असतं तर मला वाईट वाटलं असतं. पण शपथ मोड, असं मी लेकराला सांगणार नाही."

अर्ज फेटाळल्याचा ठराव एका सदस्याच्या विरोधासह मंजूर झाला. त्याच दुपारी मी वर्गशिक्षकांना लेखी कळवले की राष्ट्रगीताच्या वेळी या मुलीला रांगेतून बाजूला काढू नये आणि त्यावरून तिला कोणी चिडवल्यास ते माझ्या कानावर घालावे.