वारणा-तापी एअर: स्थापना, विलीनीकरण आणि पुढचे जाळे

कागदावरच्या माझ्या विमान कंपनीची ही ताजी नोंद आहे. कंपनी काल्पनिक असली, तरी विमानतळ, धावपट्ट्या, करआकारणी आणि सरकारी योजना खऱ्याच ठेवायच्या, आणि जे प्रत्यक्षात चालले नसते ते वेळापत्रकात घ्यायचे नाही, हा नियम मी पहिल्या दिवसापासून पाळत आलो आहे. हे बंधन काढून टाकले, तर या छंदात उरतात ती फक्त रंगीत चित्रे.

वारणा एअरची स्थापना २०१८ च्या उन्हाळ्यात, कोल्हापुरात, अशी धरली आहे. २७ एप्रिल २०१७ रोजी छोटी शहरे स्वस्त विमानसेवेने जोडणाऱ्या सरकारी उडान योजनेतील पहिले विमान शिमला–दिल्ली मार्गावर उडाले आणि त्याच दिवशी नांदेड–हैदराबाद सेवाही सुरू झाली. निम्म्या आसनांना तासाभराच्या प्रवासासाठी सुमारे २५०० रुपयांची कमाल मर्यादा, आणि त्या बदल्यात तीन वर्षे तूटभरपाई व मार्गावर एकट्याचा हक्क, ही अट छोट्या कंपनीला जन्म देण्यास पुरेशी होती. विमान निवडताना दोन गोष्टी निर्णायक ठरल्या. ८० पेक्षा कमी आसनांच्या विमानाला विमानतळ प्राधिकरणाच्या विमानतळांवर लँडिंग शुल्क माफ असते, आणि ४० टनांपेक्षा कमी वजनाच्या विमानाच्या इंधनावरील विक्रीकराला कमी मर्यादा असते. एटीआर ७२-६०० या टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्याच्या इंजिनांच्या, विमानाचे कमाल उड्डाणवजन २३ टन आहे. बोइंग किंवा एअरबसच्या वाट्याला या सवलतींपैकी एकही येत नाही.

तरीही पहिली दोन विमाने मी त्याहून लहान, म्हणजे ४८ आसनांची एटीआर ४२-६०० घेतली. कोल्हापूरची धावपट्टी तेव्हा १३७० मीटरच होती, विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, आणि एप्रिल-मेच्या दुपारी भरलेले मोठे विमान तिथून उचलायचे म्हणजे काही आसने रिकामी सोडण्याची तयारी हवी. खरी अडचण मात्र सूर्याने केली. तेव्हा रात्री उतरण्याची सोय नव्हती आणि डिसेंबरात कोल्हापुरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यामुळे विमान रात्री कोल्हापुरात ठेवण्याऐवजी हैदराबादला ठेवले, सकाळच्या फेरीने ते कोल्हापुरात आणले, दुपारी तिरुपतीची फेरी करून घेतली आणि सूर्यास्ताच्या आत पुन्हा हैदराबादकडे सोडले. तिरुपतीसाठी मागणीचा अंदाज लावत बसावे लागले नाही. नवरात्रात अंबाबाईला तिरुपतीहून शालू येतो, आणि बालाजीचे दर्शन घेतलेला भाविक कोल्हापूर केल्याशिवाय यात्रा पुरी मानत नाही.

तापी एअर ही जळगावची. तिच्याकडे ७८ आसनांची क्यू४०० विमाने दिली. ती वेगवान आहेत, पण जळगाव–मुंबईसारख्या छोट्या अंतरावर तो वेग जेमतेम काही मिनिटे वाचवतो आणि इंधन जास्त पितो. २०२१ मध्ये तूटभरपाईची तीन वर्षे संपली, दोन्ही कंपन्यांचा तोटा उघडा पडला आणि विलीनीकरणाला सयुक्तिक कारण मिळाले.

माझ्या मते या छंदातील सर्वांत रंजक आणि सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. बहुतेक जण दोन बोधचिन्हे एकत्र करून मोकळे होतात. वास्तविक पहिला प्रश्न असतो तो कोणाचा परवाना टिकणार हा. किंगफिशर आणि डेक्कन यांच्या विलीनीकरणात कागदोपत्री डेक्कनच टिकली आणि तिचे नाव बदलून किंगफिशर झाले, कारण परदेशी उड्डाणांसाठी देशांतर्गत सेवेची पाच वर्षे पूर्ण लागत आणि डेक्कन ऑगस्ट २००३ पासून उडत होती. मी त्याच धर्तीवर वारणाची एओसी (विमानसेवा चालवण्याचा परवाना) कायम ठेवली, पण कारण वेगळे: एटीआर ४२ आणि ७२ यांना वैमानिकांचे टाइप रेटिंग (ठरावीक प्रकारचे विमान चालवण्याची पात्रता) सामाईक आहे, त्यामुळे वाढीला तोच ताफा सोयीचा. क्यू४०० चे वैमानिक टप्प्याटप्प्याने एटीआरवर आणायचे ठरले, आणि तिथेच ज्येष्ठता यादीचा गुंता सुरू झाला. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७ मध्ये एकत्र आल्या, तरी वेतन आणि ज्येष्ठतेचा वाद पुढे काही वर्षे धुमसत राहिला आणि त्यासाठी न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमावी लागली. माझ्या यादीत रुजू झाल्याची तारीख हा एकच निकष ठेवला आहे. त्याने तापीचे काही कॅप्टन पुन्हा को-पायलटच्या खुर्चीजवळ सरकतात. हा अन्याय मी मुद्दाम तसाच ठेवला आहे.

उड्डाण क्रमांकांची पद्धत विस्तारा या विमान कंपनीकडून घेतली. १२ नोव्हेंबर २०२४ ला ती एअर इंडियात सामावली तेव्हा तिच्या विमानांचे क्रमांक २ पासून सुरू होणारे चार आकडी झाले. तापीचे सर्व मार्ग आता त्याच रीतीने ओळखू येतात.

लिव्हरीवर, म्हणजे विमानाच्या रंगसजावटीवर, बराच वेळ गेला. एटीआरमध्ये प्रवासी मागच्या दाराने चढतात आणि पुढे डाव्या बाजूला मालाचे मोठे दार असते, म्हणून कंपनीचे देवनागरी नाव त्या दारावरून नेले की शिरोरेखा दाराच्या फटीवर नेमकी तुटते आणि दार उघडल्यावर नुसता ‘णा’ उरतो. शेवटी नाव पंखाच्या मागे सरकवले. सिम्युलेटरमध्ये ते धावपट्टीच्या कडेने पाहताना छान दिसते.

विस्तार मात्र सावकाश आहे. ९ ऑक्टोबर २०२१ ला सिंधुदुर्गचा चिपी विमानतळ सुरू झाल्याने पुणे–चिपी मार्ग घेता आला. तिथली धावपट्टी २५०० मीटरची असल्यामुळे एटीआर ७२ पूर्ण भरून उडते. १६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीही खुले झाले. तरी मुंबईचा सकाळचा स्लॉट (उतरण्या-उडण्याची नेमून दिलेली वेळ) मिळेपर्यंत दोन्ही ठिकाणांहून व्यापारी प्रवासी येणार नाही, आणि मुंबईत सकाळी आठच्या आसपास छोट्या टर्बोप्रॉपला जागा मिळते असे गृहीत धरणे म्हणजे माझा पहिलाच नियम मोडणे. नवी मुंबईच्या विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले असल्याने पुढील हिवाळी वेळापत्रक मी तिथूनच बांधतो आहे: अमरावतीहून सकाळी निघणारे विमान, पंचवीस मिनिटांचा टर्नअराउंड (उतरल्यापासून पुन्हा निघेपर्यंतचा वेळ), उजवे इंजिन पंखा अडवून चालू ठेवलेले, कारण एटीआरला वेगळे सहायक वीजयंत्र नसते, आणि लगेच जळगाव. क्यू४०० ची शेवटची दोन विमाने तोपर्यंत ताफ्यात राहतील.