तो हसत होता

विशेष मुलांच्या उन्हाळी शिबिरात मी गटप्रमुख आहे. दिवसाचे चार तास मूल आमच्याकडे असतं. त्याच्यासाठी ते शिबिर, आईवडिलांसाठी विसावा. माझ्या लेखी दोन्हींचं मोल सारखंच, कारण शाळा चालू असताना निदान काही तास घरच्यांचे हात मोकळे होतात. सुट्टी लागली की तेही जातात.

त्या वर्षी माझ्या गटात १२ वर्षांचा एक मुलगा होता. स्वमग्न, बोलत नाही, शिवाय फिट्स येणारा. काही हवं असलं की चित्राचं कार्ड आणून हातात द्यायचा. पहिले दोन दिवस त्याची आई फाटकाबाहेरच बसून राहिली. तो रात्री तीन-तीनदा उठायचा, सलग झोप तिला कित्येक महिने मिळाली नव्हती. तिसऱ्या दिवशी मी तिला जवळजवळ हाकललंच. "घरी जा आणि झोपा. काही लागलं तर फोन करते ना मी."

त्या दिवशी तो हसत होता. पाण्यात खेळताना, रंगांपाशी, अगदी कोपऱ्यात एकटा बसला होता तेव्हासुद्धा. दोन दिवस चेहऱ्यावरची रेषही न हललेला मुलगा! मदतनीस मुलगी म्हणाली, "रुळला बघा ताई." मलाही तसंच वाटलं. अकरा वाजता मी आईला निरोप धाडला, आज खूप खूश आहे, निवांत राहा. डबा त्याने उघडून परत ढकलला. खेळाचा नाद असेल म्हणून मी तेही सोडून दिलं.

एकच्या सुमारास तिचा फोन आला.

"ताई, हसतोय म्हणजे कसा? आवाज येतोय का हसण्याचा?"

मी वळून पाहिलं. दात दिसत होते, खांदे हलत होते. आवाज नव्हता.

"दुखतंय त्याला," ती म्हणाली. "मी फॉर्मवर लिहिलंय."

लिहिलं होतं. फॉर्मचं पहिलं पान आम्हा सगळ्यांना पाठ होतं: फिट आली की घड्याळ बघायचं, कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, ५ मिनिटांच्या पुढे गेली की डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध आणि रुग्णवाहिका. त्या पानाची भीती वाटते, म्हणून ते पाठ होतं. मागच्या पानावर वेदना मोजायची 'फ्लॅक' पट्टी होती. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत घातल्यावर शांत होणं, प्रत्येकाला ० ते २, एकूण १०. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी तिचं सुधारित रूप आहे, त्यात आईवडील आपल्या मुलाच्या खास खुणा भरतात. तिने भरल्या होत्या: 'दुखलं की रडत नाही. आवाज न करता हसतो. गाल खांद्याला घासतो.'

गाल तो सकाळपासून घासत होता. स्वमग्न मुलांना अशा सवयी असतातच, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. आणि नेमकं हेच मी नव्या मदतनिसांना दरवर्षी बजावते, की मुलाचं प्रत्येक वागणं त्याच्या निदानाच्या खाती टाकू नका, आधी कुठे दुखतंय का ते बघा.

कार्डांच्या गठ्ठ्यातलं तोंडाचं चित्र मी त्याच्यासमोर धरलं. त्याने माझा हात ओढून स्वतःच्या गालावर दाबला. टॉर्च लावून पाहिलं तर मागच्या दाढेजवळची हिरडी लाल होऊन सुजली होती. आई आलीच तोवर. संध्याकाळी दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, दाढेखाली पू झालाय.

मी माफी मागितली तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुमचा निरोप वाचूनच झोपले मी. दोन तास. जाग आली ती 'खूश' हा शब्द डोक्यात घेऊन."

चार दिवसांनी ती त्याला पुन्हा घेऊन आली. फाटकापाशी थांबून तिने मला त्याचं खरं हसू करून दाखवलं. मान मागे टाकून, घशातून, मोठ्याने. मग घरी गेली.