गोल गोळीची शीट: हवेचा कॉलम एकदाचा बसला

मंडळी, मस्केट (म्हणजे गोल गोळीची, तोंडाकडून ठासायची जुनी लांब बंदूक) विरुद्ध आजच्या बंदुका ही आपली हिशेबाची स्प्रेडशीट थोडी पुढे सरकलीये. आत्तापर्यंत त्यात नळीच्या तोंडाशी असलेला वेग तेवढा होता, आता हवेचा विरोध पण घातलाय, म्हणजे दर मीटरला गोळी किती मंदावते ते दिसतं. (आधीच सांगतो, माझ्याकडे बंदूकबिंदूक काही नाही. सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका अजून आहेत म्हणा, पण आपला सगळा उद्योग लॅपटॉपवर.)

सुरुवातीच्या वेगासाठी ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या शस्त्रागाराचे आकडे धरलेत. तिथे १९८८-८९ मध्ये संग्रहातल्या सोळाव्या ते अठराव्या शतकातल्या खऱ्या बंदुका पक्क्या स्टँडला बांधून उडवल्या होत्या आणि सरासरी वेग आला सेकंदाला ४५० मीटरच्या आसपास. आजचं ९ एमएम पिस्तूल साधारण ३६० देतं! म्हणजे तीनचारशे वर्षांपूर्वीची ठासणीची बंदूक तोंडाशी तरी पिस्तुलाला मागे टाकते, आणि तरी लोक बिनधास्त लिहितात की जुन्या गोळ्या म्हणे डोळ्याला दिसायच्या. असो. रायफलशी मात्र तुलनाच नाही, नाटो सैन्यांच्या रायफलींची ७.६२ मिमीची गोळी ८३० च्या पुढे निघते, ५.५६ मिमीची ९०० च्या वर.

आता खरी मजा पुढे. ब्राउन बेस या ब्रिटिश मस्केटची १७.५ मिमीची शिशाची गोळी घेतली, वजन भरतं ३२ ग्रॅमच्या जरा खाली, आणि ४५० ने सोडली. गोल गोळीला हवा फार छळते, त्यात आवाजाच्या वेगाच्या वर असताना तर विरोध जवळपास दुप्पट धरावा लागतो, म्हणून शीटमध्ये हवेच्या विरोधाचा एकच गुणांक न ठेवता वेगाप्रमाणे बदलता ठेवलाय. निकाल असा की साधारण ६५ मीटरला गोळी ३४३ च्या खाली, म्हणजे आवाजाच्या मागे पडते आणि १०० मीटरला उरतात ३०५. एक तृतीयांश वेग शंभर मीटरात खलास. नाटोची टोकदार गोळी तेवढ्याच अंतरात ८३८ वरून ७७० च्या आसपास येते. ऊर्जेचा कॉलम तर अजून भारी आहे, तोंडाशी मस्केटची ३,२०० ज्यूल आणि एके ४७ ची २,००० (७.९ ग्रॅम, ७१५ मीटर), म्हणजे मस्केट दीडपट, पण शंभर मीटरला मस्केट १,५०० च्या खाली घसरते आणि तोवर एके पुढे निघून गेलेली असते.

शीट बरोबर चाललीये का हे बघायला बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाला गाठलं. १७४२ मध्ये या माणसाने जड लंबकाला लाकडी फळी लावून त्यात गोळी मारली, लंबक किती मागे झुलला ते फितीने मोजलं आणि त्यावरून वेग काढला, पाऊण इंची गोळीला सेकंदाला १,६०० फुटांच्या वर. त्या वेगाला हवेचा विरोध त्याने सांगितला सुमारे १० पौंड, म्हणजे गोळीच्या स्वतःच्या वजनाच्या शंभरपटीहून जास्त, आणि तेव्हाच्या तोफखानावाल्यांना तर वाटायचं की एवढ्या जड गोळीला हवा काय करणार. माझ्या शीटमध्ये तेच आकडे टाकले तर ४२ न्यूटन, म्हणजे साडेनऊ पौंड. जाम खूश झालो राव! हा रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य इंजिनियर म्हणून मद्रासकडे आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडला वारला, आपल्याकडे त्याचं नाव कोणी घेत नाही.

मागच्या वेळी एकाने विचारलं होतं की मस्केटमध्ये बंदुकीची दारू जास्त ठासली तर वेग वाढणार नाही का. वाढतो, पण थोडाच. सोरा ७५, कोळसा १५, गंधक १० अशी ती दारू, जळल्यावर निम्म्याहून जास्त वजन वायू न होता घन रूपातच राहतं, तोच तो पांढरा धूर आणि नळीतली काजळी. त्या काजळीमुळे गोळी मुद्दाम ढिली ठेवायचे, ब्राउन बेसच्या १९ मिमी नळीत १७.५ ची गोळी, मग दीड मिमीच्या फटीतून दाब वाया जाणारच ना. शिवाय गोळी बारीक करून वेग वाढवावा तर गोल असल्यामुळे ती अजून लवकर मंदावते.

म्हणून आजच्या बंदुकांच्या वेगाचं सगळं श्रेय नुसत्या बिनधुराच्या दारूला देणं मला पटत नाही. ब्रिटिशांची .३०३ रायफल आली १८८८ मध्ये, आणि ती चक्क काळ्या दारूवर होती, लांबट बारीक गोळी, वेग सुमारे ५६० मीटर. १८९१ ला त्यात कॉर्डाइट ही बिनधुराची दारू आली तर ६०० झाला, एवढाच फरक! ७४० च्या पुढे गेली ती १९१० मध्ये, हलकी टोकदार गोळी आल्यावर.

पुढचा टप्पा १८५३ ची एनफील्ड आणि मार्टिनी-हेन्री या ब्रिटिश रायफली. मार्टिनीचा तोंडाशी वेग ४११ धरतोय, पण लांबट बोथट गोळीला कोणता विरोध-तक्ता (कुठल्या वेगाला हवा किती अडवते त्याचा) लावायचा यावर अडलोय, कोणी केलं असेल तर सांगा.